सर्वानुमते मंजूर

त्या शाळेत ठराव आधी मंजूर होत असे आणि मग लिहिला जात असे. हरीओमला ही रीत नोकरीच्या पहिल्याच महिन्यात समजली होती, आणि तिच्यातली सोय पाहून त्याला मनातल्या मनात हायसेही वाटले होते. शाळा व्यवस्थापन समितीत तेरा माणसे. कोणी सोयाबीनच्या धुऱ्यावर, कोणी कामरगावच्या बाजारात, कोणी लेकीच्या गावी. ही तेराही माणसे एका वेळी एका छपराखाली बसली अशी घटना गावात एकदाच घडल्याचे सांगत, आणि तीसुद्धा समिती म्हणून नव्हे, लग्नाच्या पंगतीत. म्हणून मुख्याध्यापक दौलतसिंग सर महिनाअखेरीस इतिवृत्ताची जाडजूड नोंदवही दुचाकीच्या डिक्कीत टाकत, शेताशेतांतून फिरत, आणि पानाचा वरचा भाग कोरा ठेवून खाली तेरा सह्या घेऊन परत येत. वर काय लिहायचे ते मग सवडीने सुचत असे. कोऱ्या पानाखाली सही करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो निर्मळ विश्वास असतो, तो हरीओमला देवळातही फारसा आढळला नव्हता.

सप्टेंबर सरता सरता, एका बुधवारी, वरून परिपत्रक आले. प्रत्येक शाळेने पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे हक्क व जबाबदाऱ्या यांची सनद तयार करावी, समितीच्या सभेत ती सर्वानुमते मंजूर करून घ्यावी, दर्शनी भिंतीवर रंगवावी आणि छायाचित्र तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे. मुदत सोमवारची. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दौलतसिंग सरांनी परिपत्रक वाचले आणि हरीओमपुढे सरकवले.

“गावंडे, हे तुमी करून टाका. तुमचं अक्षर चांगलं हाय, अन् तुमी वाद घालत नाई.”

ही प्रशंसा होती की निदान, याचा विचार हरीओम दुपारच्या सुट्टीपर्यंत करत राहिला.

नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. शिक्षणसेवक म्हणून त्याची तीन वर्षे पंधरा ऑक्टोबरला पुरी होत होती. त्यानंतर तो कायम होणार की घरी जाणार, हे एका छापील प्रमाणपत्रावर ठरायचे होते. त्या प्रमाणपत्रावर ‘सेवा समाधानकारक / असमाधानकारक’ असे दोन शब्द शेजारीशेजारी उभे होते आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती की लागू नसेल ते खोडावे. खोडणारे पेन दौलतसिंग सरांच्या खिशात असे. रिठदला घरी गेल्यावर आई दर रविवारी एकच प्रश्न विचारी आणि हरीओम दर रविवारी ताटातल्या भाकरीकडे पाहत राही. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात कधीकधी त्याला वाटे, आपले सगळे आयुष्य त्या दोन शब्दांमधल्या तिरप्या रेघेला टेकून उभे आहे, आणि रेघ काही फार जाड नाही.

भित्री माणसे सहसा संकटापासून लांब राहतात. हरीओमचा भित्रेपणा मात्र प्रामाणिक जातीचा होता, आणि तो अधिक धोकादायक. सनद लिहिण्यापूर्वी गावाचे मत विचारावे, असे त्याला वाटले.

सुरुवात घरापासून झाली, कारण तो ज्यांच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहत होता ते रामराव हेच समितीचे अध्यक्ष होते. रामरावांची जमीन मोठी, मिशा त्याहून मोठ्या आणि खोकला सर्वांत मोठा. पहाटे तो खोकला ऐकू आला की हरीओम अंथरुणात उगीचच ताठ होई. रामरावांचे मत स्पष्ट होते. जबाबदाऱ्या मास्तरांच्या, हक्क गावाचे, आणि पोरांना दोन्हींपैकी काही देऊ नये, दिल्यास टिकत नाही. हे ते सांगत असताना त्यांची धाकटी मुलगी राखी, हरीओमच्याच सातवीच्या वर्गातली, अंगणात विळ्यांना धार लावत होती. सोयाबीन सोंगणीला आले होते आणि ती आठवडाभर शाळेत आली नव्हती. हरीओमने तिच्याकडे पाहिले, रामरावांकडे पाहिले, आणि वहीत लिहिले, ‘अध्यक्षांशी सविस्तर चर्चा केली.’

वैजयंती मॅडमनी, म्हणजे शाळेतल्या तिसऱ्या आणि शेवटच्या शिक्षिकेने, पालकांच्या जबाबदाऱ्यांचे अडीच पानी टिपण दिले. त्यात नखे होती, उवा होत्या, डबा होता, हातरुमालाची घडी होती. शिक्षकांच्या जबाबदाऱ्यांचा रकाना त्यांनी ‘सर्वज्ञात’ असे लिहून संपवला होता. दौलतसिंग सरांचे म्हणणे असे की शिक्षकांचे हक्क सर्वांत वर यावेत आणि जाड अक्षरांत यावेत. चावडीपाशी बसलेल्या मंडळींनीही मते दिली, आणि अभ्यासू मनाच्या हरीओमला एक गोष्ट आढळून आली. ‘जबाबदारी’ हा शब्द उच्चारताना माणसाचे बोट आपोआप समोरच्याच्या छातीकडे जाते. आजवर कोणाचेही बोट चुकून स्वतःकडे वळलेले त्याने पाहिले नाही.

शेवटी तो गावाबाहेर पंचफुलाबाईंच्या मळ्यात गेला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावून त्या दर गुरुवारी बाजारात बसत. समितीच्या त्या सदस्य होत्या आणि त्यांची तनुजा सातवीतली सर्वांत हुशार मुलगी होती. हरीओमने परिपत्रकाचा आशय सांगितला. वाफ्यात पाणी वळवता वळवता त्यांनी तो ऐकला आणि फावडे टेकवून विचारले, “तुमी साऱ्याईले इचारलं सर. ज्याईच्यासाठी शाळा हाय, त्याईले इचारलं काय?”

शुक्रवारी हरीओमने सातवीच्या वर्गाला विचारले. मुले लिहू लागली, आणि मग थांबेनात. घंटा झाली तरी माना खाली होत्या. ते कागद त्याने खोलीवर नेऊन वाचले. वाचता वाचता त्याला हसू आले, मग काही वेळ त्याने खिडकीबाहेर पाहिले. का कोण जाणे, त्यातल्या निवडक गोष्टी त्याने एका स्वच्छ कागदावर आपल्या उत्तम अक्षरात उतरवल्या, जसे एखादे फूल कोणी वहीत जपून ठेवावे. वर शीर्षक दिले : हक्क व जबाबदाऱ्या.

खरी सनद अर्थातच वेगळी होती. तिच्यात चौदा कलमे होती आणि एकही कलम कोणाला टोचणारे नव्हते. शिक्षकांनी अध्यापनात नावीन्य आणावे, पालकांनी सहकार्याची भावना ठेवावी, विद्यार्थ्यांनी शिस्त अंगी बाणवावी. तिचेही शीर्षक तेच. दोन्ही कागद त्याने पिशवीत घातले आणि जगात आपण कोणाचे काही बिघडवले नाही, या समाधानात तो झोपला.

शनिवारी सकाळची शाळा. आल्या आल्या त्याने दोन्ही कागद टेबलाच्या खणात ठेवले. दौलतसिंग सर तेरा सह्यांचे कोरे पान घेऊन आले आणि म्हणाले की पेंटर रविवारी येतोय, बारापर्यंत मजकूर नोंदवहीत चढला पाहिजे. नेमके त्याच वेळी हरीओमचे ऑनलाइन प्रशिक्षण लागले होते. विषय होता ‘भयमुक्त वर्ग’. कॅमेरा चालू ठेवणे सक्तीचे होते, मान हलली तरी हजेरी कापली जाईल असे बजावलेले होते. ताठ मानेने मोबाईलकडे पाहत हरीओमने तनुजाला बोलावले. यात कोणाला काही वावगे वाटले नसते. शाळेचे निम्मे दप्तर तनुजाच्या अक्षरात होते. पोषण आहाराच्या तक्त्यापासून दौलतसिंग सरांच्या रजेच्या अर्जापर्यंत जे जे सुवाच्य असायला हवे ते ते तीच लिहीत आली होती.

“खणातल्या कागदावरचं नोंदवहीत उतरवून काढ,” हरीओम ओठ न हलवता म्हणाला.

तासाभराने नोंदवही टेबलावर आली. दौलतसिंग सरांनी शिक्का मारला, फोटो काढला, तो गटावर टाकला, पेंटरला पाठवला. गटावर आठ अंगठे उमटले. केंद्रप्रमुखांनी लिहिले, ‘उत्कृष्ट. इतर शाळांनी आदर्श घ्यावा.’ पान कोणी वाचले नाही. हरीओमनेही नाही. बाराची जीप पकडून तो रिठदला गेला आणि त्या रविवारी आईच्या प्रश्नाला त्याने प्रथमच मान वर करून उत्तर दिले की होईल, बहुधा होईल.

सोमवारी तो जीपमधून उतरला तेव्हा शाळेच्या भिंतीपुढे माणसे उभी होती. बोलत नव्हती. गावातली वीसेक माणसे एका जागी उभी आहेत आणि कोणी बोलत नाही, हे दृश्य हरीओमने आजवर फक्त मयतीला पाहिले होते. तो मागच्या बाजूने पुढे सरकला. भिंत दुरूनच सुंदर दिसत होती. निळी अक्षरे, लाल मथळे, कडेने झेंडूच्या फुलांची वेलबुट्टी. पेंटर कारंज्याचा, खतांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा. गेल्या तीन दिवसांत तो मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचणारा तो एकटाच मोठा माणूस होता आणि अक्षरांकडे तो केवळ आकार म्हणून पाहत असे.

पालकांच्या जबाबदाऱ्यांत पहिले कलम होते : ‘सोंगणीच्या दिवसांत मुलींना घरी ठेवू नये. ठेवायचेच असेल तर भावालाही ठेवावे.’ दुसरे : ‘प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वी ते वाचावे.’ तिसरे : ‘शाळेत येऊन याला चांगले हाणा असे सांगू नये, कारण सरांना ते आधीच माहीत असते.’

शिक्षकांच्या जबाबदाऱ्या त्याखाली होत्या. ‘वर्गात मोबाईल पाहून हसू आले तर कशाला हसले ते मुलांनाही सांगावे.’ ‘मोठ्या सरांनी मुलांकडून खर्रा मागवू नये.’ ‘मॅडमनी स्वेटर विणताना टाके मोजायला लावू नये, आमचा पाढा चुकतो.’ आणि मग, झेंडूच्या फुलाला खेटून : ‘नवीन सरांनी मोठ्याने बोलावे. ते चांगले शिकवतात असे पहिल्या बाकावरची मुले सांगतात.’

हे कलम हरीओमने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात उतरवले होते. तेव्हा ते त्याला गोड वाटले होते. आता एक हात उंचीच्या निळ्या अक्षरांत, गावाच्या साक्षीने ते वाचताना त्याचे कान तापले.

विद्यार्थ्यांच्या जबाबदाऱ्या या मथळ्याखाली एकच ओळ होती : ‘वरीलपैकी काही झाले नाही तरी शाळेत येणे.’ आणि सर्वांत खाली, सोनेरी रंगात, ‘शाळा व्यवस्थापन समितीने सर्वानुमते मंजूर’, त्याखाली तेरा नावे, अग्रभागी अध्यक्ष रामराव.

रामराव पुढेच उभे होते. त्यांनी पहिले कलम पुन्हा एकदा वाचले, मिशांवरून हात फिरवला, हरीओमकडे पाहिले आणि न खोकता निघून गेले. ते न खोकणे हरीओमला फार लागले. त्या दिवसापासून त्यांच्या घरून येणारी ताकाची लोटीही बंद झाली.

दौलतसिंग सरांनी त्याला कार्यालयात बोलावून दार लोटून घेतले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते हळू बोलले. पान फाडता येत नाही, कारण पानांना क्रमांक आहेत. भिंत पुसता येत नाही, कारण केंद्रप्रमुखांच्या शेऱ्यामुळे मोठे साहेब शुक्रवारी ती सनद पाहायला स्वतः येत आहेत. तेव्हा उपाय दोनच. पहिला, समितीचा नवा ठराव, की आधीचा ठराव सभासदांनी न वाचता सह्या केल्यामुळे चुकून झाला, सबब रद्द. दुसरा, तनुजाचा लेखी माफीनामा, की हा खोडसाळपणा तिने केला.

“प्रमाणपत्र माह्या टेबलावर पडून हाय, गावंडे,” ते म्हणाले. “गुरुवारी हे दोन कागद द्या, अन् तो एक घेऊन जा.”

हरीओम नोंदवही घेऊन शेतोशेत निघाला. आणि इथे एक अशी अडचण उभी राहिली जिची कल्पना कोणत्याही परिपत्रकाने केलेली नव्हती. कोऱ्या पानावर सही करायला गावात आता एकही माणूस तयार नव्हता.

पहिल्याच सदस्याने विळा खाली ठेवला, पान उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, वर काय लिहाल? हरीओमने सांगितले. मग लिहून आणा, तो म्हणाला, वाचतो, मग सांगतो. दुसऱ्याने चष्मा घरी असल्याचे सांगितले, जो त्याच्या नाकावर होता. बाबूसिंग नावाच्या सदस्याने तर पानाला हात लावायचेच नाकारले आणि दोन पावले मागे सरून उभा राहिला, जणू ते पान करंट मारते. कमलीबाई अंगठा देणाऱ्या. गेली चार वर्षे त्यांनी मागेल तिथे अंगठा दिला होता. त्या दिवशी त्यांनी तो मुठीत घट्ट लपवला आणि शाईची डबी पुढे करणाऱ्या हरीओमकडे अशा नजरेने पाहिले की त्यानेच डबीचे झाकण लावले. संध्याकाळी परतताना सोंगलेल्या सोयाबीनच्या रित्या वावरांवर धूळ सोनेरी होऊन तरंगत होती, आणि काखेत एक कोरे पान घेऊन चाललेल्या हरीओमला वाटले, तीन वर्षांत आपण या गावाला काही शिकवले असेल तर ते एवढेच, आणि तेही चुकून.

माफीनाम्यासाठी तो बुधवारी पंचफुलाबाईंच्या मळ्यात गेला. तनुजा मेथीच्या जुड्या बांधत होती. वाटेत त्याने चार वेळा उजळणी केलेली सगळी वाक्ये तिला पाहताच विरघळली.

“तनुजा, खणात कागद दोन होते,” तो म्हणाला.

“व्हय सर.”

“मग? दुसरा दिसला नाही तुला?”

“दोन्ही वाचले सर.” तिने जुडीला गाठ मारली. “तुमच्या कागदावर काईच नव्हतं.”

त्यात उद्धटपणा नव्हता. घागर रिकामी आहे, हे जसे कोणी सांगते तसे तिने ते सांगितले. आपली चौदा कलमे हरीओमच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. त्याने त्यांच्या बाजूने काही बोलण्याचा प्रयत्न केला, पण त्याला नेमके एकही कलम आठवेना.

पंचफुलाबाईंनी माफीनाम्याचे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या पानावर सही कोनाची हाय?”

“तुमची, ताई. आणि बाकीच्यांची.”

“मंग माफी मी मागतो, वाचलं नाई मनून. पोरीनं कायले मागावं? तिनं तर वाचलं व्हतं.” त्यांनी पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि कागदासाठी हात पुढे केला. हरीओमजवळ तसला कागद नव्हता. सही करणाऱ्याने माफी मागण्याचा नमुना शासनाने अद्याप छापलेला नाही.

सह्या होईनात म्हटल्यावर एकच मार्ग उरला, आणि तो सुचवताना दौलतसिंग सरांचाही आवाज खोल गेला. सभा घ्यायची. खरीखुरी.

गुरुवारी दुपारी तेराच्या तेरा माणसे आली. कोणी कर्तव्यबुद्धीने आले नव्हते, पंचफुलाबाईंनी तर बाजार बुडवला होता. आपल्या पश्चात आपल्या नावावर काय लिहिले जाईल या धास्तीने जो तो आला होता. सातवीच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन समिती बसली. खिडक्यांच्या गजांना सगळी शाळा लोंबकळत होती. दौलतसिंग सरांनी प्रास्ताविक केले, रद्द करण्याच्या ठरावाचा मसुदा वाचून दाखवला आणि मूळ ठरावही नियमाप्रमाणे वाचला पाहिजे म्हणून नोंदवही हरीओमच्या हातात दिली. त्याआधी कानाशी लागून ते पुटपुटले की शेवटी विचारीन, तेव्हा पोरीचं नाव घ्या.

हरीओम उभा राहिला. नोंदवही त्याने दोन्ही हातांनी धरली. त्याने वाचायला सुरुवात केली. मागच्या बाकावरून बाबूसिंगने, नवीन सरांच्या कलमाची आठवण देत, आवाज वाढवायला सांगितले आणि खोलीत हशा पिकला. तो ओसरेपर्यंत हरीओम थांबला, आणि मग त्याने पहिल्यापासून, पुरेसे मोठ्याने, सगळे वाचले. सोंगणी वाचली, खर्रा वाचला, टाके वाचले. विद्यार्थ्यांची एकच ओळ वाचताना खिडक्यांतला गलबला थांबला. स्वतःचे कलमही त्याने गाळले नाही.

“आता सभेला सांगा,” दौलतसिंग सर म्हणाले, “हे कोनी लिहिलं?”

गजाआडून तनुजा त्याच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत विनवणी असती तर त्याला सोपे गेले असते. उत्तर चुकणाऱ्या मुलाकडे गुरुजी पाहतात तशी ती शांतपणे वाट पाहत होती. हरीओमला टेबलावरचे प्रमाणपत्र आठवले, ताटातली भाकरी आठवली. त्याने बाकाचा आधार घेतला.

“मी लिहिलं,” तो म्हणाला. “मुलांनी सांगितलं, पण कागदावर मीच उतरवलं. अक्षर माझं आहे. खणात ठेवलं मी, आणि उतरवायला सांगितलं तेही मी.”

मग रामराव उठले. बुटक्या बाकातून उठायला त्यांना वेळ लागला, आणि तो वेळ हरीओमला तीन वर्षांइतका वाटला. पण रामराव त्याच्याकडे वळले नाहीत. त्यांनी दौलतसिंग सरांच्या हातातला मसुदा मागून घेतला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले.

“सर, इथं तुमी लिहिलं, सभासदाईनं न वाचता सह्या केल्या. म्हंजे रामराव न वाचता सही करते, असं तुमी उद्या सायबाले लिहून देनार?”

दौलतसिंग सरांनी काही खुलासा करण्याचा प्रयत्न केला.

“मी वाचूनच सही केली व्हती,” रामराव म्हणाले आणि त्यांनी सभेवरून नजर फिरवली. “कोनी न वाचता केली असन, त्यानं उभं राहावं.”

कोणी उभे राहिले नाही. उलट एकेकाला आठवू लागले. बाबूसिंगने धुऱ्यावर उभ्याउभ्या वाचले होते, दोनदा. चष्मेवाल्याने चष्म्याशिवाय वाचले होते. कमलीबाईंनी नातवाकडून वाचून घेतले होते, आणि ज्या पानावर तेव्हा एकही अक्षर नव्हते त्यातले खर्ऱ्याचे कलम त्यांना विशेष पटले होते. फक्त पंचफुलाबाई आपल्या हातांकडे पाहत म्हणाल्या, “म्या नव्हतं वाचलं. आता ऐकलं. आता माही सही खरी झाली.” हे कोणाला नीटसे आवडले नाही, पण खोडताही येईना.

“अन् सर, तुमी?” रामरावांनी विचारले. “शिक्का तर तुमचा हाय.”

खिडक्यांतून साठ डोळे दौलतसिंग सरांच्या गालाकडे पाहत होते. थुंकायला जागा नव्हती आणि बोलायला तोंड मोकळे हवे होते. त्यांनी डोळे मिटले आणि खर्रा गिळला.

“वाचल्याबिगर शिक्का कसा मारन,” ते म्हणाले, आणि त्यांना उचकी लागली.

ठराव कायम झाला. शुक्रवारी साहेब आले, भिंतीकडे पाठ करून त्यांनी चार फोटो काढून घेतले, सनदेचे कौतुक केले आणि अकरा मिनिटांनी पुढच्या गावी गेले. गाडीची धूळ खाली बसल्यावर दौलतसिंग सरांनी हरीओमला आत बोलावले. उचकी अजून गेली नव्हती. त्यांनी प्रमाणपत्र पुढे ओढले, पेनचे टोक त्या दोन शब्दांवर एकदा इकडे, एकदा तिकडे फिरले. मग एका उचकीसरशी रेघ पडली, थोडी वाकडी, पण ‘असमाधानकारक’वरून.

“अध्यक्ष काल घरी येऊन सांगून गेले,” सर त्याच्याकडे न पाहता म्हणाले, “का हा मानूस गावात राह्यला पायजे.”

कागद हातात घेऊन हरीओम व्हरांड्यात आला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. परंतु त्याच्या बुडाशी एक थंडगार जाणीव होती की आता इथून सुटका नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला वर्गाच्या दारात खोकला ऐकू आला. हरीओमच्या हातातला खडू मोडला. रामराव आत आले, मागोमाग राखी, दप्तरासकट. तिचा मोठा भाऊ शिवम कॉलेज बुडवून वावरात सोंगणीला गेला असल्याचे वर्गाला अगोदरच कळले होते. रामराव राखीच्या बाकावर तिच्या शेजारी बसले आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेले गेल्या वर्षीचे प्रगतिपत्रक काढले.

“याच्यावर सही तर माही हाय सर. वाचाचं तेवढं राह्यलं व्हतं.”

रामराव अक्षरांखाली बोट सरकवत वाचू लागले. पाच मिनिटांनी बोट वर्णनात्मक नोंदींपाशी थांबले.

“इथं तुमी लिहिलं, वर्गात शांत असते.” त्यांनी मुलीकडे पाहिले, मग हरीओमकडे. आवाजात राग नव्हता, खरीच विचारणा होती. “घरी तर हे दिवसभर बोलत राह्यते. इथं काहून शांत असते?”

हरीओमने राखीकडे पाहिले. ती वाक्ये त्याने नोंदींच्या एका तयार पुस्तिकेतून हजेरीच्या क्रमाने उतरवली होती. पुस्तिकेत वाक्ये चार होती, म्हणून त्याच्या वर्गात दर चौथे मूल शांत होते. राखीचा आवाज कसा आहे, हे आठवण्याचा त्याने प्रयत्न केला, आणि त्याला तो आठवेना.

“मले मालूम नाई, भाऊ,” तो म्हणाला.

रामरावांनी मान डोलावली आणि बाकावर थोडे सरकून जागा केली.

“मंग बसा. तिलेच इचारू.”

हरीओम बसला. बसताना दारातून त्याला व्हरांडा दिसला. तिथे भिंतीला टेकून आणखी सात जण ओळीने बसले होते, प्रत्येकाच्या हातात एक प्रगतिपत्रक होते, आणि त्यांतल्या निदान दोघांच्या मुलांबद्दल त्याने हेच वाक्य लिहिले होते.